मामांच्या रायफलीची दुर्बीण

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत डेहराडून येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



व्याख्यानमालेतील एक पुष्प गुंफण्याची विनंती घेऊन चिटणीस आमच्याकडे आले, तेव्हा सरकारी हिशेबतपासणीतील काही गमतीजमती आम्ही सांगू अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही त्यांना विषय सांगितला, "जुन्या रायफलींच्या दुर्बिणी : घरची दुरुस्ती आणि कारागिराची दुरुस्ती." चिटणीस क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "आपण बी. ए. ना?" होय, आम्ही बी. ए. आहोत, आणि तेही इतिहास घेऊन. भौतिकशास्त्राशी आमचा संबंध शालान्त परीक्षेबरोबर संपला. आजच्या विषयातील आमचा अधिकार इतकाच, की अशी एक दुर्बीण आम्ही स्वहस्ते बिघडविली आणि ती सुधारून घेण्यात आमची काही वर्षे गेली.

ती दुर्बीण आमच्या मामांची. मामा वनखात्यात होते. आयुष्याचा मोठा भाग त्यांनी चांद्याच्या जंगलात काढला. स्वदेशी परतणाऱ्या एका इंग्रज गृहस्थाकडून त्यांनी एक शिकारी रायफल घेतली होती आणि तिच्यावर येनाच्या कार्ल झाइस कारखान्याची 'त्सीलफीर' ही दुर्बीण होती. जर्मन भाषेत 'त्सील' म्हणजे नेम आणि 'फीर' म्हणजे चार. अर्थात चौपट मोठे दाखविणारी नेमाची दुर्बीण. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला, शिकार थांबली आणि मामांनी रायफल रीतसर परवानाधारकास विकून टाकली. दुर्बीण मात्र त्यांनी ठेवून घेतली. संध्याकाळी बंगल्याच्या व्हरांड्यात बसून तळ्यापलीकडचे रानगवे ते तिच्यातून पाहत. माहेरपणाला गेलेल्या आमच्या आईलाही ते दाखवीत. आई आज पंच्याऐंशीच्या घरात आहे. तिने मामांचे फोटो कधी मागितले नाहीत, पण "दादाची दुर्बीण कुठे आहे रे?" असे ती अनेकदा विचारी. मामा २००९ साली गेले आणि पुढच्या वर्षी ती कातडी नळकांड्यात बंद असलेली दुर्बीण आमच्याकडे आली.

हे कातडी नळकांडे दिसायला मोठे रुबाबदार असते, पण दुर्बिणीचा पहिला शत्रू तेच. कातडे हवेतील ओल धरून ठेवते आणि बुरशीला अन्न पुरविते. झाकण उघडून आम्ही दुर्बीण डोळ्याला लावली, तर समोरचा कडुनिंब दुधात बुडविल्यासारखा दिसला.

येथे थोडे यंत्रज्ञान सांगणे भाग आहे. दुर्बिणीच्या पुढच्या टोकाला जे मोठे भिंग असते ते वस्तुभिंग. ते समोरच्या दृश्याची उलटी प्रतिमा नळीत पाडते. मधली भिंगांची जोडी ती सुलटी करते आणि डोळ्यापाशी असलेले नेत्रभिंग ती मोठी करून दाखविते. ज्या ठिकाणी प्रतिमा पडते, नेमक्या त्याच ठिकाणी नेम धरण्याची खूण बसविलेली असते. म्हणून झाड आणि खूण दोन्ही एकदमच स्पष्ट दिसतात. मामांच्या दुर्बिणीतील खूण म्हणजे खालून वर येणारा एक टोकदार खांब आणि डावीउजवीकडून येणाऱ्या दोन आडव्या पट्ट्या. ही खूण कोळ्याच्या धाग्याचीही असू शकते. विल्यम गॅस्कोइन नावाच्या इंग्रज ज्योतिर्विदाच्या दुर्बिणीत १६४० च्या सुमारास एका कोळ्याने जाळे विणले, तो धागा आणि दूरचे दृश्य एकत्रच रेखीव दिसले, आणि त्यातून त्याला ही कल्पना सुचली असे सांगतात. फिलाडेल्फियाच्या डेव्हिड रिटनहाउसने १७८५ मध्ये मुद्दाम कोळ्याचे धागे वापरले. म्हणजे ज्या कोळिष्टकाला आपण दिवाळीत झाडूने काढतो, त्याच्यावर पुढे कित्येक वर्षे भूमापकांचा भरवसा होता.

आता रोग ओळखण्याविषयी. एवढे काम घरी बसून, एकही स्क्रू न काढता करता येते आणि ज्याच्याकडे जुनी दुर्बीण असेल त्याने ते अवश्य करावे. दुर्बीण निरभ्र आकाशाकडे धरावी. सूर्याकडे कदापि नाही, त्याने डोळा जातो. जे ठिपके रेखीव दिसतील ती घाण नेमाच्या खुणेजवळ आहे. वस्तुभिंगावरची घाण ठिपक्यांच्या रूपाने दिसतच नाही, ती सारे दृश्य फिके करते. नेत्रभिंगाचा भाग हळूच फिरवावा. ठिपके त्याच्याबरोबर फिरले तर दोष तेथे आहे. मग अंधाऱ्या खोलीत एका टोकाकडून विजेरीचा प्रकाश तिरपा टाकून दुसऱ्या टोकातून पाहावे. बुरशी असेल तर कोळिष्टकासारखी नक्षी दिसते. भिंगाच्या कडेला इंद्रधनुष्यासारखी वलये किंवा पिवळट डाग दिसले, तर तो निराळा आजार आहे. जुन्या काळी दोन काचा एकमेकींना कॅनडा बाल्सम नावाच्या डिंकाने चिकटवीत. कॅनडातील एका वृक्षाचा हा स्राव प्रकाशाला जवळजवळ काचेइतकाच वळवितो, म्हणून सांधा दिसत नाही. पन्नास-साठ वर्षांनी तो वाळतो, पिवळा पडतो, काचेपासून सुटतो. मामांच्या दुर्बिणीत बुरशी होती, कडेला बाल्सम सुटू लागले होते आणि जुन्या ग्रीसची वाफ काचांवर बसून धुके झाले होते.

तरीही अशा स्थितीत ती आजारी होती, इतकेच. जखमी आम्ही केली.

२०१६ चा ऑगस्ट महिना होता. त्या वेळी आमची नेमणूक अन्यत्र होती आणि तीन दिवस सुटी जोडून आली होती. बाहेरच्या काचा आम्ही नीट पुसल्या होत्या. प्रथम रबरी फुग्याने धूळ उडविली, मग मऊ कुंचला फिरविला, मग भिंगाच्या कागदाला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा ओलावा देऊन मध्यापासून कडेकडे एकच हात फिरविला. एवढे ज्याला संयमाने जमेल त्याने घरी करावे. कोरड्या फडक्याने, धोतराच्या सोग्याने किंवा दंतमंजनाने पुसणाऱ्यांची गोष्ट निराळी. धुळीच्या कणांनी काच ओरखडते आणि ओरखडा घराण्यात कायमचा राहतो. झाइसच्या अलेक्झांडर स्माकुला याने १९३५ मध्ये काचेवर पातळ लेप देऊन परावर्तन कमी करण्याची रीत शोधली; ज्या दुर्बिणींवर असा आरंभीचा लेप आहे, त्यावर तो फार नाजूक असतो आणि रगडून पुसल्यास निघून जातो. आमच्या दुर्बिणीवर लेपच नव्हता. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे चार टक्के प्रकाश वाया जातो. नळीत असे दहा पृष्ठभाग धरले, तर नवी कोरी असतानाही जवळजवळ एकतृतीयांश प्रकाश वाटेतच संपत असणार. हा हिशेब आम्ही लेखापरीक्षकाच्या समाधानाने केला आणि तेथेच थांबावयास हवे होते.

थांबलो नाही. आतील धुके समोर दिसत होते. नेत्रभिंगाची कडी सैल होती, ती फिरविताच निघाली. आम्हांस फार आनंद झाला. बांबूच्या काडीला कापूस गुंडाळून, अल्कोहोलमध्ये बुडवून आम्ही ती नळीत घातली. काही तरी अडकले. सरकारी नोकरीत ज्याला 'किंचित पाठपुरावा' म्हणतात, तेवढा जोर आम्ही लावला. काडी बाहेर आली, कडी बसविली, दुर्बीण डोळ्याला लावली. कडुनिंब होता तितकाच धूसर होता. आणि डावीकडची आडवी पट्टी मोडक्या पंखासारखी खाली लोंबत होती.

आईला आम्ही काही सांगितले नाही. दुर्बीण कपाटात वरच्या खणात ठेवली. पावसाळ्यात नळी उघडून पुन्हा बंद केल्याने ऑगस्टमधली सारी दमट हवाही आम्ही तिच्यात कोंडली होती, हे तेव्हा ठाऊक नव्हते. पुढच्या उन्हाळ्यात एका मोठ्या शहरातील कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या दुकानाकडे ती पाठविली. पाच महिन्यांनी परत आली. थिनरचा वास येत होता, नळीवर नवा काळा रंग चढला होता, त्याखाली कारखान्याचा क्रमांक अर्धा बुजला होता आणि पट्टी तशीच लोंबत होती. बिल मात्र व्यवस्थित टंकलिखित होते.

अशा वस्तूवरील क्रमांकाला किती किंमत असते, याचे उदाहरण म्हणजे दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश सैन्याची '३२ नंबरची' दुर्बीण. तिप्पट मोठे दाखविणारी ही दुर्बीण मुळात ब्रेन गनसाठी योजिलेली होती. पुढे ती ली-एनफिल्ड क्रमांक चार या रायफलीवर चढली आणि नेमबाजांसाठी या रायफली सजविण्याचे बरेचसे काम १९४२ पासून लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड या पेढीने केले. प्रत्येक दुर्बीण एकाच रायफलीशी जुळविलेली असे. दुर्बिणीचा क्रमांक रायफलीच्या दस्त्याच्या मानेवर ठोकलेला असे आणि रायफलीचा क्रमांक दुर्बिणीच्या कंसावर. तो क्रमांक घासून टाकणे म्हणजे माणसाचे सेवापुस्तक जाळण्यासारखे आहे. दिसण्यासाठी रंग देणारा कारागीर म्हणूनच आम्हांस भयंकर वाटतो.

२०१८ च्या आरंभी आमची बदली येथे झाली. डेहराडून हे दुर्बिणींचे गाव आहे, हे आपणांस सांगण्याची आवश्यकता नाही. दृक्-उपकरणांचा आयुधनिर्माणी कारखाना येथे १९४३ पासून आहे. २०२१ मध्ये तो इंडिया ऑप्टेल या कंपनीत गेला. उपकरणांवर संशोधन करणारी संरक्षण खात्याची प्रयोगशाळा १९६० पासून आहे. आणि सर्व्हे ऑफ इंडियामुळे तर या गावाला उपकरणांच्या दुरुस्तीची थोर परंपरा लाभली आहे. लॅम्बटनचा तो अर्ध्या टनाचा थिओडोलाइट १८०८ साली तंजावरच्या मोठ्या देवळाच्या शिखरावर चढविताना दोर तुटून भिंतीवर आदळला. सरफोजीराजांच्या, म्हणजे आपल्या मराठ्यांच्याच, राजधानीत हे घडले हे इतिहासाचा विद्यार्थी या नात्याने नमूद करतो. वर्तुळ वाकले. दुसरा कोणी असता तर विलायतेला पत्र लिहून बसला असता. लॅम्बटन कारागिरांना घेऊन तंबूत शिरला आणि सहा आठवडे खपून त्याने ते वर्तुळ पुन्हा बरेचसे मूळ आकारावर आणले. पुढे एव्हरेस्टच्या कारकिर्दीत अर्काटचे सय्यद मीर मोहसिन हुसेन यांनी अशी उपकरणे इतकी उत्तम सांभाळली, की १८४३ मध्ये सर्व्हेचे गणिती-उपकरणकार हे पद त्यांना देण्यात आले. त्यांना कोणी पदवी विचारली नाही, हे आम्हांस विशेष आवडते.

असो. येथील एका स्नेह्यांनी आम्हांस एका निवृत्त कारागिराकडे नेले. त्यांचे नाव सांगण्याची त्यांनी मनाई केली आहे; सारे त्यांना उस्तादजी म्हणतात. घरामागे एक खोली, पांढरे कापड अंथरलेले टेबल, पंखा बंद. त्यांनी दुर्बीण हातात घेतली, उजेडाकडे धरली आणि वैद्याप्रमाणे एकच प्रश्न केला, "साहब, इसे पहले किसने खोला था?"

आम्ही म्हणालो, "हमने." सरकारी नोकरीत इतक्या थोडक्या शब्दांत आम्ही जबाबदारी कधी स्वीकारली नव्हती.

ते रागावले नाहीत. बिघडलेली वस्तू आणणारा निदान आणतो तरी, असे म्हणाले. मग त्यांनी आम्हांस बसवून घेतले आणि आमची काडी कोठे अडकली ते कागदावर काढून दाखविले. खुणेच्या पट्ट्या एका कड्यावर नुसत्या टाक्याने जोडलेल्या असतात आणि तिच्याजवळ कापूस नेणे म्हणजे घड्याळात केरसुणी घालणे. दुर्बीण उघडण्यापूर्वी त्यांनी जे जे केले ते आम्ही डोळे भरून पाहिले. प्रत्येक सांध्यावर पेन्सिलीने जुळणीची रेघ ओढली, म्हणजे पुन्हा बसविताना आटे नेमके तेवढेच फिरतील. रंगाखाली लपलेला बारीक अडक-स्क्रू भिंगातून शोधला. तो न काढता नळी पिळली तर आटे कापले जातात. वरची उंचीची चक्री वाळलेल्या ग्रीसने घट्ट झाली होती. आम्ही तेल सुचविले. तेल सरकत सरकत काचेवर जाते, असे सांगून त्यांनी केस वाळविण्याच्या यंत्राने हलकी ऊब दिली, तीही थांबूनथांबून, कारण फार उष्णतेने बाल्सम मऊ होते. प्रत्येक भिंग काढताच त्याच्या कडेवर बाण काढला. भिंग उलटे बसले तर दुर्बीण फुटत नाही, पण पुन्हा कधी नीट दाखवीतही नाही.

बुरशी हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अमोनियाच्या सौम्य मिश्रणाने निघाली. तिच्या पोटातून पाझरलेल्या आम्लाने काचेवर जी जाळी कोरली होती ती मात्र राहिली. पॉलिश केल्यास भिंगाचा आकार बदलेल, म्हणून त्यांनी ती तशीच ठेवली. बुरशीवरून आठवले, महायुद्धात न्यू गिनीच्या जंगलात दोस्तांच्या दुर्बिणी आठवड्या-आठवड्यांत आंधळ्या होऊ लागल्या, तेव्हा मेलबर्न विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञांनी मर्थिओलेट या पारायुक्त औषधाचा उपाय काढला होता. त्या काळच्या सैनिकी उपकरणातील पांढरी पूड पाहून कोणी फुंकर मारू नये, हे ऐकून ठेवावे.

सुटलेले बाल्सम हा खरा परीक्षेचा भाग. जोडभिंग अगदी हळूहळू तापवून दोन काचा विलग करावयाच्या, जुना डिंक धुऊन काढावयाचा आणि नवा लावताना दोन्ही काचांचे मध्य एका रेषेत आणावयाचे. केसभर फरक पडला तर प्रत्येक वस्तूला रंगीत शेपूट दिसते. आता अतिनील प्रकाशात घट्ट होणारे चिकटद्रव्य मिळते. उस्तादजींनी तेच वापरले. घरी हे करण्याचा मोह कोणास होत असेल, तर त्याने आधी चष्म्याच्या दोन निकामी काचा घेऊन सराव करावा. त्यानंतर मोह आपोआप जातो.

हे सारे पावणेदोन वर्षे चालले. जून लागताच ते टेबल झाकून ठेवीत आणि ऑक्टोबरपर्यंत एकही नळी बंद करीत नसत. पावसाळ्यातील हवा आत कोंडली की थंडीत तिचेच दव काचेवर धरते. आजच्या दुर्बिणींत कोरडा नायट्रोजन भरून रबरी कड्यांनी सील करतात, जुन्यांना ती सोय नाही. असे दोन पावसाळे गेले. त्याच काळात, २०१९ मध्ये, आईच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. डोळ्यातील भिंग काढून नवे बसवावयास पंचवीस मिनिटे लागली. उस्तादजींना हे सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "ताजा भिंग बसविणे सोपे, तुम्हाला जुनेच परत हवे आहे."

नोव्हेंबर २०१९ मध्ये दुर्बीण मिळाली. वाकलेली पट्टी सरळ झाली होती, पण पूर्ण नाही. बारकाईने पाहिल्यास डावे टोक तांदळाच्या कोंड्याइतके खाली आहे. नवी पट्टी बसविता येईल का, असे आम्ही विचारले. येईल, ते म्हणाले, पण मग ती झाइसची राहणार नाही. आम्ही ती तशीच राहू दिली. खूण मध्यावर आहे की नाही हे पाहण्याची त्यांची रीत घरीही करण्यासारखी आहे. खोक्याच्या दोन बाजूंना इंग्रजी व्ही अक्षरासारख्या खाचा कापाव्या, दुर्बीण त्यात ठेवून दूरच्या एका बिंदूकडे रोखावी आणि जागच्या जागी गोल फिरवावी. खुणेचे टोक त्या बिंदूवरच राहिले तर ठीक. त्याच्याभोवती घिरट्या घालू लागले तर खूण मध्यापासून ढळली आहे. आम्ही गच्चीवरून मसुरीचा एक दिवा धरून हे केले. या जातीच्या जुन्या दुर्बिणीत चक्रीने खूण फक्त वरखाली होते, डावीउजवीकडची दुरुस्ती रायफलीवरच्या बैठकीत करावी लागे. त्यामुळे फिरविताना टोकाने लहानसे वर्तुळ काढले. तेवढे क्षम्य आहे, असा उस्तादजींचा निर्णय पडला.

दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगतो. अशी दुर्बीण हौसेने स्प्रिंगच्या एअर रायफलीवर कोणी लावू नये. त्या बंदुकीचा धक्का मागे आणि पुढे असा दुहेरी असतो; जुन्या काचांच्या बैठकी पुढच्या धक्क्यासाठी केलेल्या नसतात. आणि १९५९ च्या शस्त्र कायद्यात शस्त्राच्या भागांचाही उल्लेख आहे, तेव्हा वारशाने असे काही हाती आले तर जिल्हा कार्यालयाच्या परवाना शाखेत विचारून घ्यावे. तेथे बसावे लागेल. आम्हीही बसलो.

त्या संध्याकाळी गच्चीवर आईला खुर्ची दिली आणि दुर्बीण तिच्या हातात ठेवली. पट्टीची गोष्ट आम्ही तेव्हाच सांगून टाकली. तिने बराच वेळ पाहिले. मग म्हणाली, "वाकडी कुठे आहे? मला तर दिवे दिसतायत." नंतर पुन्हा डोळा लावून थोड्या वेळाने म्हणाली, "हं, आहे. दादा असता तर ओरडला असता तुला."

दुर्बीण आता कातडी नळकांड्यात नसते. घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत, सिलिका जेलच्या पुड्यांसह असते. पुड्यांचा रंग बदलला की त्या तव्यावर परतून घेतो, आणि हे काम आईने स्वतःकडे घेतले आहे. आज ती बरणी येथे टेबलावर आणली आहे. हवा कोरडी आहे, तेव्हा झाकण उघडावयास हरकत नाही. ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी रांगेने यावे, काचेला बोट लावू नये आणि पश्चिमेच्या खिडकीकडे रोखू नये, अद्याप ऊन आहे.